जिल्ह्याचा कौशल्य आराखडा कुठून सुरू करावा? जालन्याच्या निमित्ताने सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. जालना जिल्ह्याचा कौशल्य विकास आराखडा तयार करायच्या कामात असलेल्या एका तरुण सहकाऱ्याने विचारलंय की जिल्ह्यात आयटीआय आहेत, अल्पमुदतीची प्रशिक्षण केंद्रं आहेत, तरी गावोगावी मुलं रिकामी बसलेली दिसतात. दुसरीकडे एमआयडीसीतले मालक म्हणतात की माणसंच मिळत नाहीत, बिहार-उत्तर प्रदेशातून आणावी लागतात. मग आराखड्यात नेमके कोणते कोर्स घालावेत? आणि ड्रोन व एआयचे कोर्स घ्या असा आग्रह होतोय, तो मानावा का?

मी आयटीआयमध्ये शिल्प निदेशक, म्हणजे ट्रेड शिकवणारा शिक्षक, म्हणून सुरुवात केली आणि पुढची बरीच वर्षं शिकाऊ उमेदवारीच्या (अप्रेंटिसशिपच्या) कामात घालवली. त्यामुळे मुलं आणि कारखाने, दोन्हीकडचं ऐकत आलोय. त्या आधारावर सांगतो.

"कोणते कोर्स" हा तुमच्यासमोरचा तिसरा प्रश्न आहे. पहिला असा की जिल्ह्यात आणि त्याच्या आसपास दरवर्षी खरोखर किती जागा निघतात, आणि त्या किती पगाराच्या असतात. दुसरा असा की त्या जागांवर आपली मुलं जात का नाहीत, आणि गेली तर टिकत का नाहीत. या दोन प्रश्नांची उत्तरं हातात नसताना कोर्सची यादी केली, तर यंत्रसामग्री स्वस्त आणि निदेशक सहज मिळणारे कोर्स आपोआप वर येतात. शिवणकाम, ब्युटी पार्लर, डेटा एन्ट्री यांच्या तुकड्या जिथे तिथे दिसतात त्या यामुळेच. त्या कामांना मी कमी लेखत नाही. पण एकाच तालुक्यात वर्षानुवर्षं त्याच तुकड्या भरत राहिल्या, तर शिकून बाहेर पडणाऱ्या बाईला गिऱ्हाईक कुठून मिळणार?

आधी आकड्यांविषयी. आराखड्याच्या पहिल्याच पानावर बेरोजगारीचा दर टाकायची पद्धत आहे. राष्ट्रीय पातळीवर पीएलएफएस या श्रमबल पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये हा दर ३.२ टक्के होता. तो वाचून जालन्यातल्याच मंठ्याच्या किंवा घनसावंगीच्या माणसाला काहीच कळत नाही. बापाच्या तीन एकरांत कापूस वेचायला हात लावणारा पदवीधर मुलगा त्या पाहणीत कामावर असलेला धरला जातो, कारण व्याख्या तशी आहे. शिवाय या पाहणीचा नमुना बरीच वर्षं राज्याच्या पातळीवरचे अंदाज काढण्यासाठी आखलेला होता. जानेवारी २०२५ पासून नमुना निवडताना जिल्हा हा पायाभूत घटक धरला जातो, त्यामुळे पुढे चित्र सुधारेल. तोवर जिल्ह्याचं चित्र तुम्हालाच उभं करावं लागेल, आणि ते करता येतं.

"बेरोजगार" हा एक गठ्ठा समजू नका. जालन्यासारख्या जिल्ह्यात, जिथे २०११ च्या जनगणनेत सुमारे १९.६ लाख लोकसंख्या होती आणि पाचातली चार माणसं खेड्यात राहत होती, मला किमान चार वेगळे गट दिसतात. पहिला गट कोरडवाहू शेतीत वर्षातले काही महिनेच काम असलेल्या मुलांचा. दुसरा अभ्यासिकेत बसून पोलीस भरती, तलाठी, एमपीएससीची तयारी करणाऱ्यांचा. तिसरा आयटीआय किंवा डिप्लोमा करून संभाजीनगरजवळच्या वाळूजला किंवा पुण्याजवळच्या चाकणला कारखान्यांत जाऊन आलेल्या आणि वर्ष-दीड वर्षात परतलेल्या मुलांचा. चौथा घराजवळ काम मिळालं तर करतील, पण लांब जाऊ शकत नाहीत, अशा बायकांचा. अंबड-घनसावंगीकडे ऊसतोडीला जाणारी कुटुंबं आहेत, त्यांचं वर्षाचं वेळापत्रक आणखी निराळं. दिवाळीनंतर सुरू होणारी तुकडी त्यांच्या कामाची नाही. या सगळ्यांना एकच तीन महिन्यांचा कोर्स लावून कसं चालेल?

यातल्या तिसऱ्या गटाकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं आणि तुमच्या आराखड्याला सगळ्यांत जास्त माहिती तोच देईल. हातात प्रमाणपत्र आहे, मशीनवर काम केलेलं आहे, आणि तरी तो परत आला. का आला ते विचारा. माझ्या अनुभवात कामच येत नव्हतं म्हणून परत आलेले थोडे असतात. बहुतेकांच्या कहाणीत खोलीभाडं, मेसचा खर्च, कंत्राटदाराने कापलेले पैसे, सात महिन्यांनी कामात पाडलेला सक्तीचा खंड (ब्रेक), आजारी आई, पेरणी हे असतं. प्रशिक्षणाच्या तासांत याचं उत्तर नाही, पण आराखड्यात असू शकतं.

आता कारखान्यांकडे. जालन्याची ओळख स्टीलची. इंडक्शन भट्टीत भंगार आणि स्पंज आयर्न वितळवायचं, बिलेट (पोलादाचे लांब ठोकळे) ओतायचं, रोलिंग मिलमधून सळई काढायची. मालकाकडे छापील फॉर्म घेऊन गेलात आणि "तुम्हाला किती माणसं हवीत?" असं विचारलंत, तर ५० लिहून देतील, १०० सुद्धा लिहून देतील. त्या आकड्याला किंमत नाही, कारण त्याच्या शेजारी पगार लिहिलेला नसतो. मी विचारतो ते असं. गेल्या वर्षभरात प्रत्यक्ष किती माणसं घेतली? कुणामार्फत? पहिल्या महिन्याचा हातात पडलेला पगार किती? त्यातली किती सहा महिन्यांच्या आत गेली? कोणतं मशीन माणूस नसल्यामुळे बंद राहिलं आणि किती दिवस? येत्या पाच वर्षांत कोण निवृत्त होतंय? हे प्रश्न मालकाला विचारून झाले की मेंटेनन्सच्या फोरमनला आणि माणसं पुरवणाऱ्या ठेकेदारालाही विचारा. तिघांची उत्तरं जुळत नाहीत, आणि जिथे जुळत नाहीत तिथेच खरी माहिती असते.

असं विचारलं की "माणसं मिळत नाहीत" या एका वाक्याचे दोन तुकडे पडतात. एक तुकडा भट्टीसमोरच्या आणि मिलच्या पट्ट्यावरच्या अंगमेहनतीचा. तिथे बाहेरून आलेल्या टोळ्या बारा-बारा तास काम करतात, आवारात किंवा जवळच राहतात आणि काही महिने सलग घरी जात नाहीत. गाव जवळ असलेला मुलगा लग्नाला जाईल, पेरणीला जाईल, पोळ्याला जाईल. ठेकेदाराला ते परवडत नाही. आणि त्या उष्णतेत त्या पगारावर उभं राहणं आपल्या मुलाला परवडत नाही. इथे कौशल्याची अडचण जवळपास नाहीच. पाळीचे तास, सुरक्षिततेची साधनं, थेट नेमणूक, भविष्यनिर्वाह निधी हे बदललं तर स्थानिक माणूस येईल. ते न बदलता "फर्नेस हेल्पर"ची तुकडी मंजूर करणं म्हणजे सरकारी पैशाने ठेकेदाराचं काम करणं. आराखड्यात हे स्पष्ट लिहा की या जागा प्रशिक्षणाने भरणार नाहीत.

दुसरा तुकडा मात्र सोन्यासारखा आहे आणि त्याच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. रोलवरच्या खाचा लेथवर कापणारा रोल टर्नर. भट्टीचं पॅनेल आणि पाण्याची शीतकरण व्यवस्था सांभाळणारा इलेक्ट्रिशियन. पीएलसी (यंत्रं आपोआप चालवणारा नियंत्रक) समजणारा मेंटेनन्सवाला. ईओटी क्रेन (छताखाली रुळांवर फिरणारी विजेची क्रेन) चालवणारा. प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोमीटरवर नमुना तपासणारी रसायनशास्त्राची पदवीधर मुलगी. एका मिलला यातली माणसं मोजकीच लागतात, पण त्यांच्यावाचून मिल थांबते, म्हणून पगार बरा असतो आणि माणूस टिकतो. ही कामं शिकवता येतात. टर्नर आणि इलेक्ट्रिशियन हे ट्रेड आयटीआयमध्ये आहेतच. त्यावर मिलमधले सहा-आठ महिने चढवायचे आहेत.

ते चढवण्यासाठी नवी योजना शोधायची गरज नाही. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ चा आहे. २०१९ मध्ये नियम बदलल्यापासून ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. ४ ते २९ माणसं असतील तर ऐच्छिक. आणि हे मनुष्यबळ मोजताना कंत्राटी माणसंही धरायची असतात. जिथे बहुतेक माणसं ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतात तिथे या एका तरतुदीने हिशेबच बदलतो. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाच्या २५ टक्के, महिन्याला कमाल १,५०० रुपये, केंद्र सरकार देतं. लहान युनिटच्या मालकांना बऱ्याचदा हे माहीत नसतं, आणि माहीत असलं तर पोर्टलवरची नोंदणी कोण करणार हा प्रश्न असतो. तुमच्या कार्यालयातला एक माणूस महिनाभर फक्त नोंदणी करून द्यायला बसला तर जे होईल, ते दहा मेळाव्यांनी होत नाही. हे मी होताना पाहिलेलं आहे.

शिकाऊ उमेदवारीवर माझा इतका भर का, तेही सांगतो. तीन महिन्यांच्या वर्गात मुलगा वेल्डिंगचा मणी (जोडावरची धातूची रेघ) सरळ ओढायला शिकतो. कारखान्यात तो वेळेवर यायला, दुसऱ्याचं ऐकून घ्यायला, बिघाड झाला की घाबरून न जाता आधी मुख्य स्विच बंद करायला शिकतो. मालकही त्याला ओळखू लागतो. ओळखीचा मुलगा कामावर ठेवणं आणि अनोळखी प्रमाणपत्र पाहून ठेवणं यात किती अंतर आहे, ते कुठल्याही लहान कारखानदाराला विचारा. माझं मत असं की जिल्ह्याच्या आराखड्यात एकूण जागांचा मोठा वाटा शिकाऊ उमेदवारी आणि आयटीआयच्या दुहेरी प्रशिक्षण पद्धतीचा (काही काळ वर्गात, काही काळ कारखान्यात) असावा, आणि अल्पमुदतीचे वर्ग त्याला पूरक असावेत. सध्या बहुतेक ठिकाणी उलटं आहे.

राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचं नावही तुमच्या बैठकीत निघेल. २०२४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा सहा महिन्यांसाठी बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये असं विद्यावेतन होतं. कामाचा पहिला अनुभव म्हणून ती चांगली आहे. पण मुलं सरकारी कार्यालयात टपाल नोंदवायला बसली, तर मुदत संपल्यावर त्यांच्या हाती काय राहतं? शक्य असेल तिथे या मुलांना खासगी आस्थापनेत आणि त्यांच्या शिक्षणाशी संबंधित कामावर बसवायचा आग्रह धरा.

मग जागा किती ठेवायच्या? इथे थोडा हिशेब करावाच लागतो. आकडे केवळ पद्धत दाखवण्यासाठी घेतोय, जालन्याचे समजू नका. समजा परिसरात लहानमोठी सगळी युनिट मिळून ४०० वेल्डर आहेत. वयामुळे, धंदा बदलल्यामुळे दरवर्षी आठ टक्के कमी होतात, म्हणजे ३२. काम तीन टक्क्यांनी वाढतंय, म्हणजे आणखी १२. झाल्या ४४ जागा. तितकीच मुलं संभाजीनगर-पुण्याकडे खपतील असं धरलं, तर ८८. आयटीआयमधून आधीच ६० वेल्डर बाहेर पडत असतील, तर नव्या केंद्रासाठी उरतात २८. आणि आपण मंजूर करतो ३० च्या चार तुकड्या, म्हणजे १२०. वर्षअखेर ९२ मुलं हातात प्रमाणपत्र घेऊन त्याच भट्टीच्या दारात हेल्परच्या हजेरीवर उभी राहतात, आणि सगळ्यांच्याच मजुरीवर दाब येतो. शिवाय गावात निरोप जातो की वेल्डिंग शिकून काही होत नाही. पुढच्या वर्षी आयटीआयच्या जागाही रिकाम्या राहतात. प्रत्येक ट्रेडसाठी हा हिशेब अर्ध्या पानात मांडता येतो. ज्या ट्रेडचा मांडता येत नसेल, तो आराखड्यात घेऊ नका.

पुण्याकडे जाणारी मुलं हिशेबात धरावीत की नाही यावर तुमच्या समितीत वाद होईल. जिल्ह्याच्या पैशाने शिकवायचं आणि मुलगा चाकणला जायचा, यात जिल्ह्याचा काय फायदा, असं कुणीतरी म्हणेलच. मी धरावीत असंच म्हणतो. श्रमबाजार जिल्ह्याची हद्द ओळखत नाही. संभाजीनगरकडची शेंद्रा औद्योगिक वसाहत जालना शहरापासून एका गाडीच्या टप्प्यात आहे, परतूरहून मुंबई-नांदेड रेल्वेमार्ग जातो, समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला आहे. बदनापूरच्या मुलाला शेंद्र्यात चांगली नोकरी मिळाली आणि तो संध्याकाळी घरी जेवायला आला, तर तो जालन्याच्या आराखड्याचाच विजय आहे. म्हणून संभाजीनगरच्या आराखड्यावर काम करणाऱ्यांशी एकत्र बसा. दोन्ही जिल्हे एकाच कारखान्याच्या त्याच जागा आपापल्या कागदावर लिहितात, हे जवळजवळ ठरलेलं असतं.

इथपर्यंतचं थोडक्यात: माणसांचे गट वेगळे करा, जागा पगारासकट मोजा, ज्या जागा प्रशिक्षणाने भरणार नाहीत त्या बाजूला काढा, आणि उरलेल्यांसाठी शिकाऊ उमेदवारीपासून सुरुवात करा.

आता भविष्यातल्या मोठ्या प्रकल्पांविषयी, कारण तुमच्यावर खरा दबाव तिथून येणार. संभाजीनगरजवळच्या ऑरिक या औद्योगिक शहराच्या बिडकीन भागात विजेवरच्या स्कूटर बनवणाऱ्या एथर एनर्जीने २०२४ मध्ये कारखाना जाहीर केला, त्याच वर्षी टोयोटा किर्लोस्करने सुमारे २०,००० कोटींच्या गुंतवणुकीचा सामंजस्य करार केला. बातमी आली की दुसऱ्या दिवशी "इलेक्ट्रिक वाहन तंत्रज्ञा"च्या तुकड्यांची मागणी होते. मुलांचा उत्साह खरा असतो आणि म्हणूनच इथे जपून पावलं टाकायला हवीत. जालन्याजवळच्या ड्राय पोर्टची (समुद्रापासून दूर, कंटेनर हाताळणाऱ्या मालतळाची) पायाभरणी डिसेंबर २०१५ मध्ये झाली. त्या वर्षी लॉजिस्टिक्सच्या तुकड्या भरल्या असत्या, तर त्या मुलांनी नोकरीची वाट पाहत किती वर्षं काढली असती ते तुम्हीच मोजा.

माझी पद्धत सोपी आहे. करार झाला की आयटीआयच्या प्राचार्यांनी कंपनीशी ओळख करून घ्यायची, एवढंच. बांधकाम सुरू झालं की बांधकामाची माणसं लागतात: सळई बांधणारे, वायरमन, स्कॅफोल्डिंगवाले. ते शिकवा, हे काम दोन वर्षं चालतं आणि रोजची मजुरी देतं. यंत्रांच्या ऑर्डरी गेल्या आणि कंपनीचा मनुष्यबळ अधिकारी जागेवर येऊन बसला की मग त्या कारखान्याला लागणारा खास अभ्यासक्रम, तोही फिटर, इलेक्ट्रिशियन, मेकॅट्रॉनिक्स झालेल्या मुलांसाठी दोन-तीन महिन्यांची भर म्हणून. पाया पक्का असलेला इलेक्ट्रिशियन वाहनाच्या बॅटरीवरही जातो आणि स्टील मिलच्या पॅनेलवरही. तीन महिन्यांत केवळ एकाच मोटारीची जुळणी शिकलेल्या मुलाला तो कारखाना लांबला की दुसरा दरवाजा नसतो. वाळूजचं उदाहरण पाहा. बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये आला, त्याच्याभोवती सुटे भाग करणारी युनिट वाढत गेली, आणि संभाजीनगरात इंडो-जर्मन टूल रूमसारखी संस्था उभी राहिली, जिथून डाय आणि मोल्डचं काम जाणणारी मुलं बाहेर पडली. कारखाने आणि प्रशिक्षण हातात हात घालून वाढले, म्हणून ते टिकलं.

स्टीलवर मी इतका बोललो, पण जिल्ह्यातली जास्त माणसं त्याच्या बाहेर आहेत. जालन्याची दुसरी ओळख बियाण्यांची. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली, आणि पुढे जालना-देऊळगाव राजा पट्ट्यात बीजोत्पादन शेतकऱ्याच्या बांधापर्यंत गेलं. शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोच्या फुलातले पुंकेसर चिमट्याने अलगद काढायचे, दुसऱ्या ओळीतल्या नराचा पराग लावायचा, फुलाला खूण करायची, याला तिथे सरळ क्रॉसिंग म्हणतात. हे काम मुख्यतः बायका करतात. हात चुकला तर बियाण्याची शुद्धता जाते आणि शेतकऱ्याचा प्लॉट नापास होतो. इतकं नाजूक कसब असलेल्या या बायकांची तुमच्या आराखड्यात नोंद "अकुशल शेतमजूर" अशी होणार आहे, कारण कागद नाही.

इथे पूर्वज्ञानाला मान्यता देणारं प्रमाणपत्र देता येतं, आणि द्यावंच. पण नुसत्या प्रमाणपत्राने मजुरी वाढत नाही. मजुरी वाढायची असेल तर वरची पायरी दाखवावी लागेल: प्लॉटची पर्यवेक्षक, बीज परीक्षण प्रयोगशाळेतली सहायक, शेडनेटची देखभाल करणारी, गटाने एकत्र येऊन क्रॉसिंगचा ठेका थेट घेणारी. कंपन्यांशी बोलताना विचारा की पर्यवेक्षक म्हणून दहावी झालेली क्रॉसिंगवाली चालेल का. चालत असेल, तर तिला नोंदवही, मोबाइलवरचं साधं ॲप, रोगाची लक्षणं एवढं शिकवायचं आहे, आणि ते गावातच, दुपारी, काम संपल्यावर. आराखड्यातला हा भाग खर्चाने सगळ्यांत लहान असेल. त्याने घरात जाणारा पैसा मात्र सगळ्यांत खात्रीचा असेल, असं मला मनापासून वाटतं.

रेशीमही असंच. जालन्याच्या बाजार समितीत कोषांची बाजारपेठ सुरू झाल्यापासून शेतकऱ्याला कोष विकायला कर्नाटकातल्या रामनगरमपर्यंत जावं लागत नाही. पण बाल कीटक संगोपन (रेशीम अळ्या लहान असताना वाढवण्याचं काम, म्हणजेच चॉकी) नीट करणारी माणसं गावागावात हवीत. त्या दहा दिवसांत चूक झाली तर पुढचं सगळं वाया जातं. एका चॉकी केंद्रामागे दोन-तीन प्रशिक्षित माणसं आणि अग्रणी बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेकडून कर्जाची फाइल, एवढं जुळलं तर व्यवसाय उभा राहतो. सौर कृषिपंपांचंही पाहा. मागेल त्याला सौर कृषिपंप योजनेतून शेतोशेती पॅनेल उभे राहिलेत. कंट्रोलर बिघडला की शेतकरी पुरवठादाराच्या माणसाची वाट पाहत बसतो आणि पीक सुकतं. देखभालीची जबाबदारी पुरवठादार कंपन्यांची आहे, म्हणून वायरमन झालेल्या स्थानिक मुलांना तालुक्यावर नेमण्याबद्दल त्यांच्याशीच बोला. नेमणूक आधी ठरवा, प्रशिक्षण मग.

अभ्यासिकेतल्या मुलांविषयी कुणी त्यांना नावं ठेवून बोललं की मला वाईट वाटतं. शेतीचा भरवसा नाही, खासगी नोकरीत उद्याची खात्री नाही, मग सरकारी नोकरीची आस धरणं हा त्यांचा विचारपूर्वक केलेला निर्णय आहे. एमपीएससीला खुल्या गटातही ३८ वर्षांपर्यंत बसता येतं, त्यामुळे हा प्रवास लांबतो. त्यांना "सोडा आता" म्हणू नका. सकाळी अभ्यास आणि दुपारनंतर चार तास शिकता येईल असे वर्ग ठेवा: टॅली आणि जीएसटीचं काम, प्रयोगशाळा सहायक, विमा दाव्यांचं काम. पदवीधरांसाठी शिकाऊ उमेदवारीचा वेगळा मार्ग आहे, त्याची माहिती अभ्यासिकेच्या फलकावर लावा. पोलीस भरतीत थोडक्यात हुकलेला मुलगा शारीरिक तयारीचा असतो. अग्निशमन आणि औद्योगिक सुरक्षा या कामांसाठी तो उत्तम.

वाहतूक आणि निवास हे शब्द कौशल्य आराखड्यात सहसा नसतात. घालाच. दुसरी पाळी रात्री अकराला सुटते आणि मंठ्याला जायला एसटी नसते. मुलगा महिनाभर मित्राच्या मोटारसायकलवर जातो, मग सोडतो. मुलगी तर सुरुवातच करत नाही. एमआयडीसीजवळ मुलींचं एक सुरक्षित वसतिगृह, मुलांसाठी रास्त दराच्या खोल्या आणि पाळीच्या वेळेला दोन बसफेऱ्या यासाठी जिल्हा नियोजन समितीकडे मागणी मांडा. कौशल्य समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात, त्यामुळे एसटीच्या विभाग नियंत्रकांना त्याच बैठकीत बोलावता येतं.

पाठपुराव्याचंही सांगतो. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत अल्पमुदतीच्या प्रशिक्षणानंतर नोकरी लागली का याची नोंद ठेवली जात होती. चौथ्या टप्प्यात तो भाग काढला गेला. म्हणजे वरून कुणी विचारणार नाही. जिल्ह्याने स्वतः विचारावं. प्रशिक्षण संपल्यावर सहा महिन्यांनी आणि वर्षाने प्रत्येकाला फोन: काय करतोस, किती मिळतात, शिकलेलं वापरात आहे का, सोडलं असेल तर का. दोन माणसं आणि दोन फोन, इतकाच खर्च. ट्रेडनुसार निकाल बैठकीत ठेवा आणि सलग दोन तुकड्या वाया गेल्या की ते केंद्र थांबवा. थांबवताना दडपण येईल, म्हणूनच हा नियम आराखड्यात आधी लिहून ठेवायचा. कागद कसा लिहावा याचा नमुना हवा असेल तर साताऱ्याच्या कार्यालयाशी बोला. जिल्हा कौशल्य आराखड्यांच्या राष्ट्रीय पुरस्कारांत २०२२ मध्ये राजकोट आणि काचारबरोबर सातारा पहिल्या तिघांत होता.

एक गोष्ट तुमच्या हातात नाही, ती समितीला सुरुवातीलाच सांगा. प्रशिक्षणाने नोकरी निर्माण होत नाही. असलेली नोकरी लवकर आणि योग्य माणसाने भरली जाते, आणि कुशल माणसं मिळतात म्हणून एखादा कारखानदार विस्ताराचं धाडस करतो. स्टीलमध्ये गुंतवणूक मोठी आणि माणसं तुलनेने कमी. मोसंबीवर प्रक्रिया, सरकीचं तेल, शेती अवजारांची दुरुस्ती यांत गुंतवणूक कमी आणि माणसं जास्त. म्हणून जिल्हा उद्योग केंद्राच्या महाव्यवस्थापकांशिवाय आणि अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांशिवाय आराखड्याची बैठक घेऊ नका. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून कर्ज मिळालेल्या उद्योजकांची यादी त्यांच्याकडे असते. पुढच्या वर्षी लागणारी माणसं त्या यादीत दडलेली आहेत.

आता ड्रोन आणि एआय. फवारणीचा ड्रोन उपयोगी आहे, नमो ड्रोन दीदी योजनेत महिला गटांना त्यासाठी मोठं अनुदानही आहे. पण पायलटला डीजीसीएची (केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मान्यता असलेल्या संस्थेतूनच प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि कापूस-सोयाबीनची फवारणी वर्षातले काही आठवडेच चालते. तालुक्यातलं फवारणीखालचं क्षेत्र, एका ड्रोनने दिवसात होणारे एकर आणि शेतकरी एकरी देईल तो दर, हे तीन आकडे मांडा. तालुक्याला मोजके पायलट आणि जिल्ह्याला एक-दोन चांगले दुरुस्तीवाले पुरतील असं माझा अंदाज सांगतो. तुमचे आकडे वेगळे निघाले तर तेच धरा. एआयची स्वतंत्र तुकडी मी आत्ता घेणार नाही. कोपा (आयटीआयमधला संगणकाचा ट्रेड) आणि टॅलीच्या मुलांना ही साधनं त्यांच्याच कामात वापरायला शिकवा, त्यासाठी निदेशकांचं प्रशिक्षण आधी करा.

कारखान्यांच्या भेटींचा तक्ता तयार झाला की इथे टाका, मी पाहीन. हातात पडणारा पगार आणि काम सोडल्याचं कारण हे दोन रकाने त्यात असू द्या.